दिवसाआड पाणी

लश्करातला नळ पहाटे चारला फुसफुसतो.
आधी हवा येते, मग गंज, मग पाणी.
चौतीस वर्षं मी या फुसफुसण्याचा पगार घेतला,
तरी अजून दचकून उठतो.

ऋजुतानं दोन तिकिटं पाठवली होती.
कुमुद म्हणाली, दिवसाआड नळ येतो,
कुणीतरी घरी हवं.
तुम्ही जा. तुम्हाला मोठ्या पाण्याचा शौक आहे.

आर्द्रा लागून आठवडा झाला होता,
ग्वाल्हेरात अजून लू.
मी उन्हातून निघालो तो उन्हातच उतरलो,
मध्ये फक्त दोन विमानं आणि एक बोट.

बेटाचं नाव मला नीट घेता येत नाही.
शेवटी एक स् आहे,
तो कवळीतून निसटतो.
घरांना चुना दिलेला, दिवाळीआधी देतात तसा,
फक्त इथे दिवाळी कधी होऊनच जात नाही.
समुद्र निळा होता. फोटोत आहे.
जावई म्हणाला, बाबा, जरा हसा.

दुपारी दोनला सगळं गाव दारं लोटून झोपलं
आणि मला एकदम घरी आल्यासारखं वाटलं.
नया बाजारात जून असतो तो असाच:
शटर अर्धं खाली, कुत्रं नालीत,
खसच्या पडद्यावर पाणी मारणारा पोरगा
तेवढा जागा.

पोरं पोहायला गेली.
मी टाकी शोधत निघालो.
एवढी हॉटेलं, एवढी माणसं, न्हाणारी, पिणारी,
बेटावर नदी नाही, ओढा नाही,
आणि नळाला धार!
हे मला रात्रभर झोपू देत नव्हतं.

चढावर एक माणूस पाइपाशी बसला होता,
माझ्याच वयाचा, बनियनवर.
पाना घसरला तेव्हा तो जे बोलला
ते मला शब्दन् शब्द कळलं.
मी खाली बसलो, सांधा धरला.
त्यानं पाहिलं, हात सराईत आहे.
मग आम्ही दोघं अर्धा तास
काही न बोलता एक वॉशर बदलत होतो.

पाणी कुठून येतं? मी ओंजळ करून विचारलं.
त्यानं धुळीत बोटानं जहाज काढलं.
जहाजानं!
मी टँकर काढला, त्याच्यामागे हंडे घेऊन धावणाऱ्या बायका.
बायका पाहून तो खूप हसला. मग हसेना.

अंगणात नेऊन त्यानं एक झाकण उचललं.
फरशीखाली विहिरीएवढा काळोख,
त्याच्या आजोबानं साठवलेला पाऊस असावा,
निदान त्याच्या हातवाऱ्यांचा मी तसा अर्थ लावला.
आत वाकलो तर किल्ल्यावरच्या बावडीचा वास,
वटवाघळं वजा करून.
कुणी बघत नाही असं पाहून
मी आत म्हटलं, कुमुद.
नाव परत आलं, जरा थंड होऊन.

त्याच्या सुनेनं बशी आणली:
एक ग्लास पाणी, चमचाभर पाकातलं काळं-लाल फळ.
गूळ-पाणीच की.
उन्हातून आलेल्याला काय द्यायचं
हे एवढ्या लांब कुणी सांगितलं यांना?

घरी आलो तेव्हा कुमुद बादल्या मोजत होती.
कसा होता समुद्र?
खारट, मी म्हटलं.
एवढं कळायला तीन तारखेपासून गेला होतात?
मी बरणी पुढे केली. तिनं चाखलं,
डोळे मिटून बी इकडून तिकडे फिरवली.
फालसा नाही, म्हणाली. पण त्याच्याच नात्यातलं.
वरून तिघऱ्याचं पाणी प्यायली, पुरा ग्लास,
एरवी अर्धाच घेते.

आता त्या बरणीत मेथीदाणा आहे.
लेबल तिनं काढलेलं नाही,
निळ्यावर पांढरी अक्षरं, शेवटी तो स्.

आज पाळी आहे.
चार वाजून सहा मिनिटं.
पुढच्या वेळी तुम्ही भरा, मी जाते,
असं ती अंधारात म्हणाली,
की मला ऐकू आलं,
विचारणार होतो, पण
हवा यायला लागली.